इंग्लंडमधील भाड्याचे घर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: कायदा काय देतो आणि भाडेकरूने काय करावे

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला गॅसचा धोका नाकाने कळतो. सिलिंडरची नळी सैल झाली की घरभर तो ओळखीचा वास पसरतो, कारण स्वयंपाकाच्या गॅसमध्ये वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत ही सवय काहीच उपयोगाची नाही, कारण त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. नोकरी किंवा शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेले मराठी कुटुंब सहसा भाड्याच्या घरातच पहिली काही वर्षे काढते, आणि त्या घरात गॅसवर चालणारा बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचे पाणी गरम करणारे यंत्र, असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून घर पाहण्यापासून ते अलार्म वाजल्यावर काय करायचे इथपर्यंतचा सगळा क्रम इथे मांडला आहे. मुख्य नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे असल्याने त्यांचा उल्लेख शेवटी केला आहे.

हा वायू घरात कसा येतो

गॅस, तेल, लाकूड, कोळसा यांपैकी कोणतेही इंधन पुरेशा प्राणवायूशिवाय जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. नव्या पद्धतीचा बॉयलर ज्वलनासाठी बाहेरची हवा घेतो आणि जळालेले वायू नळीवाटे, म्हणजे फ्लूवाटे, बाहेरच सोडतो, त्यामुळे तो नीट असेपर्यंत खोलीतील हवेशी त्याचा संबंध येत नाही. पण फ्लूचा जोड निखळला, आवरणाची सील खराब झाली किंवा बर्नर मळला, तर हेच वायू घरात शिरतात. जुनी गॅसची शेकोटी आणि लाकडाचा स्टोव्ह खोलीतलीच हवा वापरतात, म्हणून चिमणीत पक्ष्याने घरटे बांधले किंवा भिंतीतला हवेचा झरोका बंद केला, की धोका सुरू होतो. गार वाऱ्याला कंटाळून त्या झरोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबणारे नवखे लोक काही कमी नाहीत. तो झरोका बांधकाम करणाऱ्याच्या हलगर्जीपणातून राहिलेला नसतो. तो ज्वलनासाठीच ठेवलेला असतो, त्यामुळे त्याला हात लावू नये.

शरीरात गेल्यावर हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, थकवा आणि गोंधळलेपण ही लक्षणे फ्लूच्या (इन्फ्लुएन्झाच्या) आजारासारखी वाटतात, पण ताप नसतो. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होणे आणि बाहेर पडल्यावर बरे वाटून घरात परतताच पुन्हा त्रास सुरू होणे, या दोन खुणा विशेष लक्षात ठेवाव्यात. कोविडच्या काळात अनेक मराठी घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आणि तो अजूनही औषधांच्या डब्यात असतो. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नये, कारण साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू घेतलेले आणि कार्बन मोनॉक्साइड घेतलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही आणि तो खुशाल ९८ दाखवतो.

कायदा नेमके काय सांगतो

इंग्लंडमध्ये धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मविषयीचे नियम १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म फक्त लाकूड-कोळशासारखे घन इंधन जाळणारे उपकरण असलेल्या खोलीत सक्तीचा होता आणि नियम फक्त खासगी घरमालकांना होता, म्हणजे सर्वसामान्य गॅस बॉयलर असलेले घर त्यातून सुटत असे. १ ऑक्टोबर २०२२ पासून ही मोठी फट बुजवण्यात आली. आता राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ज्या खोलीत इंधन जाळणारे, कायम बसवलेले उपकरण आहे, त्या प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे, आणि हा नियम काउन्सिल (स्थानिक स्वराज्य संस्था) व हाउसिंग असोसिएशन (ना-नफा गृहसंस्था) यांच्या घरांनाही लागू आहे. स्नानगृह, शौचालय, हॉल आणि जिन्याजवळची मोकळी जागा यांचीही गणना नियमाच्या दृष्टीने खोलीतच होते, त्यामुळे ‘बॉयलर बाथरूममध्ये आहे, ती काही राहण्याची खोली नाही’ हे एजंटाचे उत्तर टिकणारे नाही.

याला एक अपवाद आहे आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीसाठी, ज्याला तिकडे कुकर किंवा हॉब म्हणतात, अलार्मची सक्ती नाही. याचे परिणाम पुढे पाहू.

नवे भाडे सुरू होते त्या दिवशी प्रत्येक अलार्म चालू स्थितीत आहे की नाही हे घरमालकाने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तपासायचे असते. त्यानंतर अलार्म बिघडल्याचे भाडेकरूने कळवले आणि तो खरोखर बिघडलेला निघाला, तर वाजवी तितक्या लवकर दुरुस्त करणे किंवा बदलणे ही २०२२ पासून घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. दर मजल्यावर किमान एक धुराचा अलार्म असणे ही वेगळी अट आहे. एक अलार्म दुसऱ्याचे काम करत नाही.

पहिली पायरी: घर पाहायला जाल तेव्हा

घर पाहताना आपण खिडक्या, बस स्टॉप आणि जवळचे भारतीय किराणा दुकान पाहतो; त्याच फेरीत घरात काय काय जळते याची यादी करावी. बॉयलर कुठे आहे, तो गॅसचा आहे की विजेचा, बैठकीच्या खोलीत गॅसची किंवा लाकडाची शेकोटी आहे का, आणि ती चालू आहे की केवळ शोभेची, हे एजंटाला विचारावे. पूर्ण विजेवर चालणाऱ्या फ्लॅटमध्ये या नियमाखाली कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची सक्ती येत नाही, आणि न पेटवता येणारी शोभेची शेकोटीही त्यात मोजली जात नाही. स्वयंपाकघराच्या कपाटात गॅसचा कॉम्बी बॉयलर, हे सर्वांत नेहमीचे चित्र असते, आणि अशा घरात एक अलार्म दिसायलाच हवा. वर बैठकीच्या खोलीत लाकडाचा स्टोव्ह असेल, तर तिथे दुसरा हवा. एकाच अलार्मवर दोन्ही खोल्या भागवता येत नाहीत.

याच वेळी गॅस सुरक्षेच्या तपासणीचा दाखला मागावा. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घरमालकाने आपली गॅसची उपकरणे आणि फ्लू दर वर्षी ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावे लागतात, नव्या भाडेकरूला तो दाखला घरात राहायला येण्यापूर्वी द्यावा लागतो आणि जुन्या भाडेकरूला तपासणीनंतर २८ दिवसांच्या आत. अलार्म हा शेवटचा पहारेकरी आहे आणि वार्षिक तपासणी त्याच्या कितीतरी आधी येते, म्हणून दाखला ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे अलार्मपेक्षाही आधी तोच मागावा.

दुसरी पायरी: किल्ली मिळते तो दिवस

सामानाच्या बॅगा उघडण्याआधी अलार्म शोधून त्याचे चाचणीचे बटण दाबावे. मोठा आवाज आला तर वीज आणि भोंगा ठीक आहेत एवढे कळते. सेन्सर अजून शाबूत आहे का, हे त्यातून पूर्णपणे कळत नाही, त्यासाठी अलार्मवर छापलेली मुदत पाहावी लागते. सेन्सर साधारण सात ते दहा वर्षे टिकतो आणि ‘या तारखेपर्यंत बदला’ अशी नोंद अलार्मच्या बाजूला किंवा मागे असते. मुदत उलटलेला अलार्म बटण दाबल्यावर झोकात वाजतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते.

त्याच पाहणीत अलार्म खरोखर कार्बन मोनॉक्साइडचाच आहे ना, हेही वाचून घ्यावे. बऱ्याच घरांत छतावरचा गोल धुराचा अलार्म दाखवून ‘हाच तो’ असे सांगितले जाते. कार्बन मोनॉक्साइडच्या घरगुती अलार्मवर ५०२९१ हा मानक क्रमांक छापलेला असावा. ५०२९१-१ हा घरासाठीचा भाग आहे आणि ५०२९१-२ कॅराव्हॅन, बोटी यांसाठीचा. नियमांत अमुकच प्रकारचा अलार्म बसवा असे बंधन नाही, बॅटरीवरचाही चालतो, मात्र आयुष्यभराची सीलबंद बॅटरी असलेला केव्हाही बरा, कारण टीव्हीच्या रिमोटसाठी त्याची बॅटरी काढून नेण्याचा मोह कोणाला होत नाही.

यानंतर अलार्मचा, त्यावरच्या तारखेचा आणि तो बसवलेल्या जागेचा फोटो काढून ठेवावा, आणि एजंट जी सामानाची यादी, म्हणजे इन्व्हेंटरी, सहीसाठी देतो तीत अलार्म तपासल्याची नोंद आहे का ते पाहावे. आपल्यासमोर तपासलेला नसेल तर ‘तपासला’ या ओळीपुढे सही करू नये. ‘तपासणी माझ्यासमोर झालेली नाही’ असे तिथेच लिहावे. यात उद्धटपणा नाही आणि तिकडे तो कोणी मानतही नाही.

तिसरी पायरी: जागा बरोबर आहे का

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची इथे हमखास चूक होते. आपल्याकडचा स्वयंपाकाचा एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असतो, तो गरम हवेबरोबर वर जातो आणि खोलीभर मिसळतो, म्हणून त्याचा अलार्म सॉकेटजवळ खाली लावून उपयोग नाही.

घरमालकांसाठीच्या सरकारी मार्गदर्शनात सर्वसाधारणपणे डोक्याच्या उंचीवर, भिंतीवर किंवा फळीवर, उपकरणापासून एक ते तीन मीटर अंतरावर अलार्म ठेवावा असे म्हटले आहे, आणि अलार्मच्या उत्पादकाच्या सूचना अंतिम मानायला सांगितल्या आहेत. बांधकाम नियमांच्या ‘जे’ या मार्गदर्शक दस्तऐवजात माप अधिक काटेकोर आहे: छतावर असेल तर कोणत्याही भिंतीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर, भिंतीवर असेल तर दारे-खिडक्यांच्या वर शक्य तितका उंच, पण छतापासून १५० मिलिमीटरच्या आत नाही, आणि दोन्ही प्रकारांत उपकरणापासून आडवे अंतर एक ते तीन मीटर. बॉयलर कपाटात असला तरी अलार्म कपाटात कोंबू नये. पडद्यामागे, खिडकीच्या किंवा एक्झॉस्ट पंख्याच्या झोतात, सिंकच्या किंवा शेगडीच्या बरोबर वर लावलेला अलार्मही नीट काम करत नाही.

एक्झॉस्ट पंख्यावरून आठवलेली एक गोष्ट: ज्या घरात खोलीतली हवा वापरणारी जुनी शेकोटी किंवा स्टोव्ह आहे, तिथे फोडणीच्या वेळी लावलेला जोरदार पंखा चिमणीतून वर जाणारे वायू उलट खोलीत ओढू शकतो. असे घर असेल तर वार्षिक तपासणीला आलेल्या इंजिनिअरला पंखा चालू ठेवूनच चाचणी घ्यायला सांगावे.

चौथी पायरी: कायद्याने सोडलेल्या जागा आपण भरणे

नियम घरमालकाला बॉयलरच्या खोलीपुरते बांधतो, झोपायच्या खोलीत तो काहीच मागत नाही. मधली दारे लावून वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला खालच्या स्वयंपाकघरातला अलार्म ऐकू येईलच असे नाही. म्हणून झोपायच्या खोलीत किंवा तिच्या दाराबाहेर आणखी एक अलार्म स्वतः घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. साधारण पंधरा ते तीस पौंडांत चांगला मिळतो, फळीवर ठेवता येतो, भिंतीला भोक पाडण्यासाठी घरमालकाची परवानगी मागावी लागत नाही आणि घर सोडताना सोबत नेता येतो.

गॅसच्या शेगडीचा अपवाद इंग्रजी पद्धतीच्या अर्ध्या तासाच्या स्वयंपाकाला कदाचित शोभत असेल. आपल्याकडे गणपतीत किंवा दिवाळीत सकाळपासून चारही बर्नर पेटलेले असतात आणि बाहेर चार अंश तापमान असल्याने खिडक्या बंद असतात. बर्नरची ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी, लवलवती दिसू लागली किंवा भांड्यांच्या बुडाला काजळी धरू लागली, तर इंजिनिअरला बोलवायला सांगावे आणि तोपर्यंत शेगडी बंद ठेवावी. घरात बॉयलर विजेचा आणि हॉब मात्र गॅसचा असेल, तर कायद्याने एकही अलार्म लागत नाही; अशा घरात स्वतःचा अलार्म पहिल्याच आठवड्यात आणावा. फोडणीच्या धुराने धुराचा अलार्म किंचाळतो म्हणून त्याला प्लास्टिकची पिशवी बांधण्याची युक्ती अनेक घरांत दिसते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म फोडणीला वाजत नाही. तो वाजला, तर ‘तडक्यामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

निखाऱ्यांविषयी वेगळे सांगायला हवे. बाळ-बाळंतिणीला शेक-धुरी देण्यासाठी आई किंवा सासूबाई मुद्दाम विमानाने येतात, आणि गावाकडच्या हवेशीर खोलीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली निखाऱ्यांची शेगडी मिल्टन कीन्सच्या बंद, उष्णता राखणाऱ्या खोलीत पेटवायची कल्पना निघते. कोळशाचे निखारे धूर न करता भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतात आणि तान्ह्या बाळाला त्याचा धोका अधिक असतो. शेकासाठी विजेचा पॅड किंवा गरम पाण्याची पिशवी वापरावी आणि ही गोष्ट आईंना तिकीट काढतानाच सांगून ठेवावी, ऐन वेळी नको. पावसामुळे बार्बेक्यू घरात किंवा तंबूत आणणेही तितकेच घातक आहे. ज्वाला विझल्यावरही तो कित्येक तास वायू सोडत राहतो.

नियम कोणाला लागू होत नाही, हेही इथेच पाहू. घरमालक किंवा त्याचे कुटुंब राहते त्याच घरात तुम्ही एक खोली घेऊन स्वयंपाकघर वाटून घेत असाल, म्हणजे तुम्ही लॉजर असाल, तर हे नियम तुम्हाला संरक्षण देत नाहीत. नव्याने आलेले कितीतरी विद्यार्थी पहिले सहा महिने असेच ओळखीच्या काका-काकूंकडे काढतात. विद्यार्थ्यांची वसतिगृहे, इस्पितळे, वृद्धाश्रमासारखी निवासस्थाने आणि सात वर्षे किंवा त्याहून जास्त मुदतीचे पट्टेही या नियमांबाहेर आहेत. अशा ठिकाणी स्वतःचा अलार्म हाच मार्ग.

पाचवी पायरी: महिन्याची तपासणी आणि तक्रार

घरात राहू लागल्यावर महिन्यातून एकदा बटण दाबून पाहणे आणि बदलता येणारी बॅटरी असेल तर ती बदलणे हे भाडेकरूचे काम मानले जाते. ठरावीक अंतराने येणारी एकच बारीक चिवचिव ही बहुतेक अलार्ममध्ये बॅटरी संपत आल्याची किंवा मुदत संपल्याची खूण असते. आपल्या अलार्मची भाषा पुस्तिकेत एकदा वाचून ठेवावी. बॅटरी बदलूनही तो चालला नाही, किंवा बॅटरी बदलता येणारीच नसेल, तर घरमालकाला लेखी कळवावे. फोनवर बोलणे झाले असेल तरी त्याच दिवशी ईमेल करावा आणि त्यात बिघाड, खोली, तारीख आणि फोटो द्यावा.

घरमालकाने दाद दिली नाही तर आपल्या काउन्सिलच्या खासगी गृहनिर्माण विभागाकडे तक्रार करावी. नियमभंग झाल्याचे मानायला वाजवी कारण मिळाल्यापासून २१ दिवसांत काउन्सिलला घरमालकावर दुरुस्तीची नोटीस बजावावी लागते, आणि घरमालकाला तिचे पालन करायला २८ दिवस मिळतात. त्यानेही केले नाही, तर काउन्सिल रहिवाशाच्या संमतीने स्वतः अलार्म बसवून घेते आणि घरमालकाला ५,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते. अलार्म नसणे हा प्रश्न आठवड्यांचा असला तरी आपण तितके दिवस थांबायचे नसते. तक्रार चालू असतानाच स्वतःचा अलार्म आणून ठेवावा. वार्षिक गॅस तपासणीच होत नसेल तर तो विषय आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळ, म्हणजे एचएसई, यांच्याकडे जातो.

सहावी पायरी: अलार्म वाजला तर

अलार्म वाजायला हवेतले प्रमाण आणि वेळ या दोन्ही गोष्टी लागतात. युरोपीय मानकानुसार दहा लाख भागांत ५० भाग इतका वायू असेल तर तो ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत. म्हणजे तो वाजला तेव्हा आपण कदाचित तासभर ती हवा घेत आलेलो असतो. कोणाला काही होत नाही म्हणून तो बंद करून पुन्हा झोपणे चूक आहे.

दारे-खिडक्या उघडाव्यात, हाताशी असेल तर बॉयलर आणि शेगडी बंद करावी, मुलांना आणि ज्येष्ठांना घेऊन घराबाहेर पडावे आणि बाहेरून गॅसच्या राष्ट्रीय आपत्कालीन सेवेला ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा चोवीस तास चालते. कोणी बेशुद्ध असेल, छातीत दुखत असेल किंवा गोंधळल्यासारखे बोलत असेल तर आधी ९९९ या तातडीच्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सौम्य लक्षणे असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे किंवा सरकारी आरोग्यसेवेच्या १११ या सल्ला क्रमांकावर फोन करावा, आणि ‘कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला होता’ हे वाक्य सुरुवातीलाच सांगावे, कारण नुसत्या डोकेदुखीवरून कोणालाही हे निदान सुचत नाही. घरात गर्भवती असेल तर तिला त्रास होत नसला तरी तपासणी करून घ्यावी. रक्ततपासणी जितकी लवकर तितकी बरी, कारण मोकळ्या हवेत काही तासांत पुरावा निम्मा होतो.

आपत्कालीन सेवेचा माणूस येऊन गॅस बंद करून धोका थांबवतो. बॉयलर दुरुस्त करणे हे त्याचे काम नसते. दुरुस्ती घरमालकाने गॅस सेफ इंजिनिअरकडून करून घ्यायची असते आणि तोपर्यंत ते उपकरण पुन्हा सुरू करायचे नसते, मग घर कितीही गारठले तरी. त्या काळासाठी विजेचे हीटर देण्याची मागणी त्याच ईमेलमध्ये करावी.

स्वतःचे घर, स्कॉटलंड आणि वेल्स

इंग्लंडमध्ये स्वतःच्या जुन्या घरात राहणाऱ्यावर अलार्मची सरसकट सक्ती नाही, पण १ ऑक्टोबर २०२२ पासून गॅसचा किंवा तेलाचा नवा बॉयलर किंवा शेकोटी बसवली की बांधकाम नियमांनुसार अलार्मही बसवावा लागतो; स्वयंपाकाचे उपकरण इथेही वगळलेले आहे. बॉयलर बदलणाऱ्याच्या अंदाजपत्रकात अलार्मची ओळ नसेल तर ती घालायला सांगावी.

स्कॉटलंडमध्ये १ फेब्रुवारी २०२२ पासून स्वतःचे असो वा भाड्याचे, बॉयलर, शेकोटी किंवा फ्लू असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ ला अमलात आलेल्या नियमांनुसार भाड्याच्या घरात गॅस, तेल किंवा घन इंधनाचे उपकरण असलेल्या प्रत्येक खोलीत अलार्म लागतो. त्यामुळे ब्रिस्टलहून कार्डिफला बदली झाली, तर नव्या घरात घन इंधन, तेल आणि गॅसचे प्रत्येक उपकरण पुन्हा एकदा यादीवर घ्यावे, आणि जुन्या घरातला स्वतःचा अलार्म खोक्यात भरण्यापूर्वी त्यावरची तारीख पाहून घ्यावी.